काठापासून पाण्यापर्यंत

दाऊदभाई गेल्याचे कळले तेव्हा मी दुकानात खिळे तोलत होतो. भाद्रपदातली दुपार, पावसाची झड लागलेली, दुकानात गिऱ्हाईक एकच आणि तेही घासाघीस करणारे. दाऊदभाईंचा मेहुणा उस्मान फळीशी येऊन उभा राहिला आणि ओली टोपी हातात पिळत म्हणाला, “नाना, भाईजान गेले.” अशा वेळी माणूस काय करील याचा नेम नसतो. मी खिळे तोलून पुरे केले, पुडी बांधली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि मग वर पाहिले. आढ्याच्या आकड्याला दाऊदभाईंचा दोर लटकत होता. पावसाळ्याच्या तोंडाला ते तो माझ्याकडे आणून टांगत, कारण त्यांच्या घरी गळते आणि उंदीर, आणि दिवाळी सरली की एके दिवशी फळीशी त्यांची सावली पडे, “नाना, दोर काढा, पाणी उतरलं.” यंदा त्या दोराला काही कामच उरले नव्हते, तरी टांगायला आले. शिडी चढताना धाप लागत होती. मी म्हणालो, मी टांगतो. तर म्हणाले, “राहू द्या, तुम्ही गाठ चुकीची मारता.” आमचे धड असे बोलणे तेच शेवटचे...

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी बसलो होतो. जुन्या नाशकातल्या बोळातले ते दोन खणांचे घर, ओसरीवर माग, मागावर अर्धवट विणलेली खाटेची नवार. तेवढ्यात बोळातून चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेली पाच-सहा माणसे आली. निफाडच्या पलीकडल्या गावची ती माणसे; गोदेला पाणी असल्यामुळे वळसा घालून चालत आली होती. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आहे तेवढा त्रास पुरे. पुढे धोंडामावशी होती. ती हमीदाभाभींच्या पुढ्यात बसली, त्यांचा हात स्वतःच्या कपाळावर मारून घेतला आणि म्हणाली, “भाभी, आमीच मारला गं तुजा मालक. आमीच.” भाभींनी तिला जवळ ओढले. मला मात्र राग आला, आणि तो कोणाचा हे आजही नीट सांगता येत नाही. धोंडामावशी म्हणाली ते खरे नव्हते, आणि सगळे खोटेही नव्हते. ते नीट सांगावे म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दाऊदभाई मूळचे विणकर. घरात बापजाद्यांपासून सुती लुगडी विणली जात. गिरणीच्या कापडाने गावोगावचे माग बसले तसा त्यांचाही बसला. मग ते खाटांची नवार आणि सुती दोर करू लागले, आणि दोराला लागणाऱ्या कड्या घ्यायला माझ्या लोखंडाच्या दुकानात येऊ लागले. ओळख झाली ती भांडणातून. कडी गंजकी आहे म्हणून त्यांनी परत आणली, मी म्हणालो गंज तुमच्या घरच्या ओलीचा, आणि या मुद्द्यावर आम्ही दोघे दोन कप चहा होईपर्यंत भांडलो. त्यानंतर कड्यांची गरज नसली तरी ते येत. माणूस बोलका नव्हता, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडत नसे. बाजरीची भाकर खात नसत. एकदा आमच्या घरी पानात बाजरीची भाकर आली तेव्हा ती बाजूला सारून त्यांनी कारण सांगितले. माग बसल्यावर त्यांच्या वडिलांनी पिंपळगावकडे कोणाचे तरी पडीक रान अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, केले होते. विणकर नांगर धरतो म्हणून लोक हसले. पण दगड वेचून, कुंद्याचे गवत खणून त्या बापाने अशी बाजरी उभी केली की हसणारे बांधावर येऊन पाहू लागले. कणसे भरली आणि मालकाने सांगितले, आता तुम्ही निघा. वडील निघाले. त्यांनी पुढे मरेपर्यंत बाजरी तोंडात घातली नाही, आणि मुलानेही नाही. “अब्बा कधी रडले नाहीत,” दाऊदभाई म्हणाले, “पण कुणाचं उभं पीक दिसलं की मान वळवून चालायचे.”

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नदीवर बंधारा घातला की पावसाळ्यात मागे पाणी फुगते आणि काठची जमीन बुडते. दिवाळीनंतर पाटांना पाणी सुटले की ते हळूहळू ओसरते आणि खालून काळाभोर मऊ गाळ उघडा पडत जातो. त्यात हरभरा, गहू टाकला की नुसत्या ओलीवर येतो. याला गाळपेर म्हणतात. ही जमीन सरकारची, एका हंगामापुरती लावून देतात, आणि ज्याच्या काठावर आधीच बागाईत आहे त्यालाच ती मिळायची असा अलिखित रिवाज. या गावी ती आबासाहेब नावाच्या बागाईतदाराकडे जाई. एकदा निफाडच्या बाजारातून दोर विकून परतताना दाऊदभाईंनी पाहिले, की काठावर बायामाणसे नुसती उभी आहेत आणि खाली आबासाहेबांचे गडी गाळात बी फेकत आहेत. त्यांनी सहज विचारले, “तुम्ही नाही पेरत?” सगळ्यांत पुढे उभी असलेली बाई हसली. तीच धोंडामावशी. “आमी? बापजन्मी आमाला कुनी वावभर रान दिलं नाय भाऊ. आमचं रान म्हंजी ही डोईवरची पाटी.” ती भिल्लांची, कोळ्यांची, महारांची आठ-दहा घरे होती. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेली, आणि गावच्या देवळाची पायरी ज्यांच्यातल्या निम्म्यांना चढू देत नव्हते अशी.

तिथून पुढे दाऊदभाई कामातून गेले, असे मी त्या वेळी म्हणत असे. नवार विणायची सोडून हा माणूस कचेरीचे उंबरे झिजवू लागला. ही जमीन भूमिहीनांना द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. कचेरीत विचारत, तुमची जमीन आहे का? नाही. यांच्यात तुमचे कोणी नातलग? नाही. तुमचे गाव? नाही. मग तुम्हाला काय पडलंय? ते एकदा दुकानात येऊन बसले आणि खरोखरच गोंधळून म्हणाले, “नाना, मला काय पडलंय हे मला सांगताच आलं नाही हो.” मी म्हणालो, मलाही हेच विचारायचे होते. आबासाहेबांनी कचेरीत सांगितले, की या लोकांकडे बैल नाहीत, बी नाही, स्वतःची शेती यांनी कधी केलेली नाही, जमीन वाया जाईल. दाऊदभाईंनी उत्तर दिले, की गाळात बैल रुततो आणि माणूस चालतो, आणि आबासाहेबांची शेती तरी दुसरे कोण करते? या उत्तराने काम होण्याऐवजी लांबले. दोन हंगाम असेच गेले. शेवटी एक जरा ऐकून घेणारे साहेब आले आणि म्हणाले, एक साल देऊन पाहू. अटी मात्र कडक. झोपडी नाही, विहीर नाही, बांध नाही, झाड नाही, जमिनीत कायमचे म्हणून काहीही करायचे नाही. पाणी आले की जमीन होती तशी सरकारला परत. एक अट मोडली की सगळ्यांचीच गेली.

जमीन मिळाली आणि पहिल्याच दिवशी भांडण लागले. पाण्याजवळ गाळ जाड, काठाजवळ पातळ. खालचे रान कोणाला आणि वरचे कोणाला? शिवाय दरसाल पाणी येऊन सगळ्या खुणा पुसून टाकणार, म्हणजे दरसाल नवे भांडण. तेव्हा दाऊदभाईंनी हा दोर केला. लांबच लांब, पिळदार, सुती. ठरावीक अंतरावर रंगवलेला, लाल, पिवळा, निळा, हिरवा असा. काठाला दोर ताणायचा आणि दोन रंगांच्या मधून सरळ खाली पाण्यापर्यंत एकेकाचा पट्टा. म्हणजे पातळ गाळही सगळ्यांना आणि जाडही सगळ्यांना. पाणी जसे मागे सरेल तसा प्रत्येकाचा पट्टा खाली वाढत जाणार. मी कुदळी-फावडी घेऊन त्या दिवशी गेलो होतो. हे सुचले कसे, म्हणून विचारले तर म्हणाले, “ताणा उभाच असतो ना, नाना. आडवा धागा नंतर.” मी पुढे होऊन पाहायला गेलो आणि कमरेपर्यंत गाळात रुतलो. मला बाहेर काढायला चार माणसे लागली, वहाण आतच राहिली, आणि पुढे हंगामभर धोंडामावशी मला भेटली की विचारी, “नाना, वहाण उगवली का?”

तो हरभरा मी विसरणार नाही. पण हरभऱ्याहून जास्त लक्षात आहे ती धोंडामावशी. पेरणी झाल्यावर करण्यासारखे काही नव्हते, तरी ती रोज येऊन आपल्या पट्ट्यात उकिडवी बसे. पिवळा आणि निळा यांच्या मधला तिचा पट्टा. दाऊदभाईंनी विचारले, “मावशी, काय करताय?” ती म्हणाली, “काय नाय. बसलेय. कुनी ऊठ म्हनत नाय, म्हनून बसलेय.” हे दाऊदभाईंनी मला दोनदा सांगितले. मला वाटते, तुम्हाला काय पडलंय या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्या दिवशी मिळाले. ते त्यांनी स्वतःसाठी कधी वापरले नाही, ही गोष्ट वेगळी. लोकांनी किती आग्रह केला तरी त्यांनी स्वतःला एक पट्टा घेतला नाही. म्हणत, मी घेतला की आबासाहेब म्हणतील, बघा, यासाठीच करत होता.

दुसऱ्या साली देवाचा प्रश्न आला. रान म्हटले की त्याला रानाचा देव हवा. एक दगड, त्याला शेंदूर, वर्षातून एकदा नारळ. त्याशिवाय रान पुरते आपले होत नाही, असे या लोकांच्या मनात पक्के. धोंडामावशीने नदीतला एक गोटा निवडून, शेंदूर फासून काठाशी बसवलाही होता. दाऊदभाई पेचात पडले. बसवलेला देव म्हणजे कायमचे काही केल्यासारखे. उचला म्हणावे तर हे मुसलमान. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “मावशी, तुमचा पट्टा एका हंगामाचा, माझा शब्द एका हंगामाचा. मग देवालाच कायमचा पट्टा कशाला? त्यालाही आपल्यासारखंच राहू द्या. पाणी उतरलं की या, पाणी चढलं की चला.” लोक खो खो हसले आणि मानलेही. तेव्हापासून दरसाल पाऊस पडायला लागला की तो गोटा पाटीत घालून, गाणी म्हणत वर आपल्या वस्तीवर न्यायचा, आणि पाणी उतरले की दोराच्या पहिल्या टोकाशी पुन्हा आणून ठेवायचा. अशी चार-पाच साले गेली. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली साले होती, आणि माझ्याही.

मग गेल्या साली, ऐन श्रावणात, दाऊदभाई तापाने पडले. विषमज्वर. दवाखान्यात दिवसामागून दिवस गेले, माणूस खाटेला चिकटला, ओळख पटेना. डॉक्टर नजर चुकवून बोलू लागले. हमीदाभाभी बाहेर बाकावर बसून असत आणि मी आत जायला घाबरत असे. गावची माणसे एकदा दारापर्यंत येऊन पाहून गेली. पुढे ताप उतरला. दसऱ्याला दाऊदभाई भिंत धरून उभे राहिले. आम्हाला वाटले, सुटलो. दिवाळीनंतर त्यांनी उस्मानकरवी दोर गावी पाठवला, लोकांनी आपापले पट्टे स्वतःच आखून घेतले, पेरले, आणि मार्गशीर्षात अंगात जरा बळ आल्यावर दाऊदभाई माझ्याबरोबर रान पाहायला निघाले. काठावर सगळे वाट पाहत उभे होते. धोंडामावशीचा मुलगा धर्मा हलगी वाजवत होता. “डोळं झाका,” मावशी म्हणाली आणि हाताला धरून त्यांना पुढे नेले. डोळे उघडले तर समोर चौथरा. घडीव दगडांचा, चुन्यात बांधलेला, कमरेइतका उंच, आणि त्याच्या मधोमध, चुन्यातच पक्का बसवलेला तो शेंदराचा गोटा. दवाखान्याच्या दारातून परतताना त्यांनी नवस केला होता, की दाऊदभाऊ उठला तर तुला पाटीतून हिंडवणार नाही, तुला पक्के घर बांधू.

दाऊदभाई मटकन खाली बसले. लोकांना वाटले, अशक्तपणा. कोणी पाणी आणले, कोणी गूळ. त्यांनी पुढे केलेला नैवेद्य हातात घेतला, खाल्ला, धर्माच्या हलगीचे कौतुकसुद्धा केले. परतीच्या वाटेवर मात्र एका बाभळीखाली थांबले आणि म्हणाले, “नाना, जमीन गेली. माझ्या जिवापायी गेली.” मी म्हणालो, अजून तपासणी व्हायची आहे, काढून टाकू. पण काढणार कोण? दाऊदभाईंनी हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत नाशकात हवा बरी नव्हती. मुसलमानाने देवाच्या चौथऱ्याला हात लावला एवढी बातमी पुरली असती, आणि त्यात चेंगरली असती हीच माणसे. म्हणून दोन दिवसांनी मी पहार घेऊन गेलो. देव माझा, पहार माझी, बोलायला कोणाला जागा नको. धोंडामावशी चौथऱ्याच्या पुढे येऊन उभी राहिली. “फोडा नाना,” ती म्हणाली, “पर नवस मोडला आन्‌ त्यानं दाऊदभाऊला माघारी मागितलं, तर तुमी भरून देशाल?” मी देवभोळा नाही. पण पहार मी खाली ठेवली.

शेवटी दाऊदभाई स्वतः गेले आणि लोकांना समोर बसवून सगळे सांगितले. अट सांगितली, आबासाहेबांची माणसे चौथरा पाहून गेल्याचे सांगितले, पुढे काय होईल ते सांगितले. मी बाजूला उभा होतो. ते म्हणाले, “मावशी, मी डॉक्टरच्या औषधानं उठलो.” ती म्हणाली, “औषीद तर समदेच घेत्यात. समदे कुठं उठत्यात?” मग त्यांनी हात जोडले. “मग घेऊ दे त्याला परत. माझं काय राहिलंय? नवार विणणारा म्हातारा मी. तुमची पोरंबाळं आहेत. मी सांगतो, मोडा नवस. माझी शप्पथ आहे.” कोणी हलले नाही. धर्मा खाली पाहत होता. त्याची बायको पोटुशी होती आणि त्याला रान हवे होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. तरी तोही बोलला नाही. मग मावशी उठली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, “नाय. रान आज हाय, उद्या नाय, आमाला त्याची सवं हाय. मानूस कुठून आनायचं? जाऊ दे रान.” दाऊदभाई तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडताना ऐकले. “मला विचारून केला होता का नवस? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” आणि मग तिथेच, सगळ्यांच्या देखत, हमसून हमसून रडले.

जमीन गेली. तपासणीला आलेला साहेब वाईट माणूस नव्हता; त्याने चौथऱ्याकडे बराच वेळ पाहिले, काय विचारायचे ते विचारले, आणि अट मोडली एवढेच म्हणाला. उभ्या हरभऱ्यासकट रान आबासाहेबांना लावून दिले, आणि मग तर काही वर्षांसाठी एकदमच. आबासाहेबांनी चौथरा मात्र पाडला नाही. देवाला कोण हात लावतो? त्यांनी त्याला नारळसुद्धा फोडला. मला हे लिहिताना अजून अंगाचा संताप होतो. ज्या चौथऱ्यापायी गरिबांचे रान गेले, तो चौथरा तसाच राहिला, देवही राहिला, आणि रान तेवढे हलले! त्या हंगामात आपणच पेरलेला हरभरा त्या बायांनी आबासाहेबांच्या मजुरीवर उपटला. दाऊदभाई तो पाहायला काठावर गेले होते. वडिलांसारखी मान वळवणे त्यांना जमले नाही, असे उस्मान म्हणाला.

त्यानंतरचे सात-आठ महिने मी फार सांगत नाही. कचेरीच्या त्याच पायऱ्या, तेच बाक, पण आता ऐकणारे साहेब बदलून गेले होते आणि दाऊदभाईंच्या पायांत बळ नव्हते. ते भाकर कमी खाऊ लागले. मी रागावलो तर म्हणत, “नाना, हा जीव फार महागात पडलाय. मला तो पोसवत नाही.” असे बोलणाऱ्या माणसाला काय सांगायचे? मी चेष्टा करून पाहिली, भांडून पाहिले, जुनी गंजकी कडी काढून पुढ्यात टाकली. ते हसले आणि कडी खिशात घालून घेऊन गेले. पावसाळा आला, दोर टांगला, आणि भाद्रपदात छातीत कफ साठून गेले. नवस पाळला, रान दिले, आणि वर्षाच्या आत माणूसही गेला. देवाने कोणता सौदा पाळला, हे मला कोणी तरी समजावून सांगा.

दिवाळी सरली आणि परवा सकाळी दुकान उघडले तर पायरीवर धोंडामावशी बसलेली. “नाना, पहार द्या.” कशाला, म्हणून विचारले. “चौथरा काढते. आता दाऊदभाऊच नाय. आता त्यो काय माघारी घेनार हाय? चौथरा निघाला म्हंजी सायेबाला सांगू, आता काय ठेवलं नाय, द्या आमचं रान.” मी तिला सांगितले, की रान काही वर्षांसाठी आबासाहेबांकडे गेले आहे, चौथरा काढून काही व्हायचे नाही. ती म्हणाली, “धर्मानं बी तेच सांगितलं. तरी द्या.” मी दुकान तेवढ्यात आलेल्या उस्मानवर सोपवले, पहार घेतली आणि तिच्याबरोबर मोटारीने निफाडला आणि तिथून पायी गेलो. चौथरा नुकताच पाण्याबाहेर आला होता. शेंदूर पार धुऊन गेला होता, गोटा इतर कोणत्याही गोट्यासारखा काळा दिसत होता. तिने पदराने त्याच्यावरचा गाळ पुसला, पाया पडली आणि पहार उचलून घातली. पहार उसळून परत आली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. मग मी घातली, दोन्ही हातांनी, सगळा राग काढून. एक टवका उडाला. चुना पाण्यात राहिला की आणखीच धरतो. “चुन्यात गूळ घातला व्हता नाना,” ती म्हणाली, “बेलफळं घातली व्हती. समद्या घरांनी पोरांच्या तोंडचा गूळ आनून दिलता. पक्कं व्हावं म्हनून...” आणि तिथेच चौथऱ्याला टेकून बसली. तिला रडूही येत नव्हते.

खालून मुकादमाने हाक मारली, “ए धोंडे, कामाला आलीस का देवाला?” ती उठली, पदर खोचला आणि उतरून गेली. गाळात हरभरा टोबायला बाया उतरल्या होत्या, त्यांच्यात धर्माची बायकोही होती. मुकादम ओरडत होता, “आडवं धरा, आडवं!” आबासाहेबांचे रान आता सगळे एकच, त्याला आडवी पेर सोयीची. बाया हो म्हणत, दोन पावले आडव्या सरकत, आणि वाकल्या की पुन्हा वळत. ज्या त्या बाईचे तोंड पाण्याकडे होई. बराच वेळ मला कळलेच नाही की मी काय पाहतो आहे. मग धोंडामावशी कुठे वाकली आहे ते पाहिले. पिवळा आणि निळा यांच्या मधे. तिथे ना पिवळा होता ना निळा, नुसता ओला गाळ होता. पण काठापासून पाण्यापर्यंत प्रत्येक बाई आपापल्या पट्ट्यात होती, आणि परक्याचा हरभरा पेरत होती. मुकादम ओरडून ओरडून थकला.

मी पहार खांद्यावर टाकून परत आलो. दोर आढ्याला तसाच आहे, दाऊदभाईंनी मारलेल्या गाठीने. त्याच्या पिळात गेल्या सालचा गाळ अजून सुकून बसला आहे. फळीशी कोणाची सावली पडली की खिळे तोलता तोलता माझी नजर वर जाते. वाटते, आता कोणी तरी म्हणेल, नाना, दोर काढा, पाणी उतरलं. पाणी तर केव्हाच उतरले आहे.